चुलत्याच्या भिंतीला दंडवत

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको पुढच्या सोप्यात हुलगे निवडत बसलो होतो. तिच्यापुढं सूप, माझ्यापुढं परात. मोतीबिंदू काढल्यापासून मला लांबचं झकास दिसतं आणि हातातलं दिसत नाही. त्यातनं हुलगा आणि खडा देवानं एकाच रंगाचे केलेत. "आवं, तुमी खडं परातीत ठिवताय आन् हुलगं अंगनात फेकताय," शालन म्हणाली. मी म्हणालो, "कोंबड्या खात्यात की." "कोंबड्यांनी हुलगं खावं आन् उद्या तुमी खड्याचं माडगं प्या," असं म्हणून तिनं परात माझ्यापुढनं ओढून घेतली आणि मी निवडलेलं सगळं पुन्हा निवडलं. अंधार पडायला आला तसा मी खांब धरून, गुडघा धरून, आई-बापाला हाका मारून उठलो. ती मांडी घालून बसलेली होती, ती हात टेकल्याशिवाय उठली आणि सूप कडेवर घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं माडगं केलं. लसूण जरा जास्त झाला होता, तेही मी तिला ऐकवलं. जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली, ती टेकलेलीच राहिली. मेंदूत रक्त सांडलं असं डॉक्टर म्हणाला. माझा हात अजून खरकटा होता.

तेराव्याला योगवाले आले. आमच्या वाडीत समाजमंदिरात सकाळी योगाचा वर्ग भरतो, बँकेतनं रिटायर झालेले एक सर तो चालवतात. माणूस वाईट नाही, पण हातात माईक नसला तरी माईक असल्यासारखा बोलतो. शालन त्या वर्गाला कधीमधी जायची. शिकायला नाही. सरच तिला बोलवायचे, नव्या बायकांना दाखवायला, की बघा, हे वय आणि ही पाठ. तर ते सर माझ्याजवळ बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आबा, आईंचं भाग्य बघा. अंथरूण नाही, सुई नाही, हाल नाहीत. नियमित साधनेचा हा सगळ्यात मोठा फायदा." मी हात काढून घेतला. मग म्हणाले, योगदिनाला आईंचा फोटो लावून कार्यक्रम करू, शुगर, बीपी, सांधे, श्वास, सगळ्यावर मी बोलतो, तुम्ही फक्त नियमित योगाचे फायदे यावर दोन शब्द बोला. सोपा माणसांनी भरलेला होता. मी म्हणालो, "आत्ताच सांगतो की. रोज योग करनारी बायकू आदी मेली, आन् जल्मभर तंबाकू खाल्लेला म्हातारा जित्ता हाय. लिवा फळ्यावर." बायकांनी माना खाली घातल्या. थोरला पोरगा दारातनं म्हणाला, "आबा, आसं बोलू ने." मग कसं बोलू? माझी बायको जेवलेलं ताट उचलायच्या आत गेली आणि हे मला त्यातला फायदा मोजून दाखवतात. ज्याचं त्यानं आपल्या घरात फायदा मोजावा. सर जाताना चप्पल घालत म्हणाले, "आबा, तुम्ही दुःखात आहात. बोलू नका, निदान लिहून तरी द्या." मी चौथीपर्यंत शिकलोय, लिहिता येतं. हे घ्या लिहून. पण हे माईकवर वाचायचं नाही.

एक आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणाची आशा नको. मी जन्मात एक सूर्यनमस्कार घातलेला नाही आणि आता ती गेली म्हणून घालणार नाही. मी विहिरी खांदल्या. पहार, टिकाव, सुरुंग, हा माझा व्यायाम. तिच्या नमस्काराशी माझा संबंध एवढाच की त्यापायी एकदा माझा संसार मोडत होता. तेव्हा मी मिसरूड फुटलेलं पोरगं होतो, आणि ती तर माझ्याहून लहान.

आमचं घर कवठे महांकाळच्या अलीकडं माळावर. बाप मी लहान असतानाच वारला. बापाचा थोरला भाऊ, आमचा तात्या, शेजारी राहायचा. बाप गेला त्या वर्षी तात्यानं घर वाढवायला काढलं आणि भिंत आणून आमच्या परड्यात घातली, चांगली हातभर आत. नुसती जागा गेली असती तर आई गप्प बसली असती. पण दोन्ही घरांच्या मागं आड होता, तो बापानं आणि तात्यानं मिळून खांदलेला. भिंत अशी घातली की आड पलीकडं गेला. आता आडावर जायचं तर तात्याच्या सोप्यातनं, त्यांच्या चुलीसमोरनं जावं लागणार. आई एकदा घागर घेऊन गेली. तेव्हा आमची चुलती, तिला आम्ही काकी म्हणायचो, म्हणाली, "धाकटे, येताना हाक मारत जा गं, घरात कोन कसं बसलेलं आसतंय." बास. आई रिकामी घागर घेऊन परत आली आणि तिनं चुलीची शपथ घेतली की ह्या घरात त्या घरचं पाणी येणार नाही. तेव्हापासनं ती ओढ्याकडच्या गावविहिरीवरनं पाणी आणायची. उन्हाळ्यात ती विहीर तळाला गेली की वाटीवाटीनं भरायची. भिंतीपलीकडं तात्याच्या आडाचा रहाट कुरकुरला की आई हातातलं काम थांबवून रहाट थांबेपर्यंत ऐकत बसायची. मी तिथंच वाढलो. त्या घराकडं बघायचं नाही, त्यांच्या कुत्र्याला भाकरी टाकायची नाही, त्यांच्या लग्नात अक्षता टाकायच्या नाहीत. सकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा, रात्री हुलग्याचं माडगं, आणि दोन्ही जेवणांबरोबर तोंडी लावायला तात्या.

माझं लग्न झालं आणि औंधची शालन आमच्या घरी आली. औंधच्या शाळेत पोरं काय आणि पोरी काय, सगळ्यांना नमस्कार घालायला लावायचे, तिथली ती रीतच होती. आमच्याकडं कुणी कधी बघितलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतच पहाटे मला परड्यातनं बांगड्यांचा आवाज यायला लागला. सारखा नाही, जरा थांबून, परत तसाच, एका चालीत. मला वाटलं धार काढती. बाहेर गेलो तर कासोटा घट्ट मारून ही बाई हात वर करती, वाकती, जमिनीला छाती लावती, परत उठती. म्हैस रवंथ करत तिच्याकडं बघत होती आणि मीही म्हशीसारखाच बघत राहिलो. "काय करतीस गं?" "नमस्कार." "कुनाला?" "सूर्याला." सूर्य अजून उगवायचा होता. मी म्हणालो, "त्यो उटू तरी दे की." ती हसली आणि तोंडावरचं हसू न सोडता परत खाली वाकली. मला ते बरं वाटलं. मी जाऊन परत झोपलो. आई पहाटेच्या आधीच पाण्याला जायची, त्यामुळं तिला कितीतरी दिवस ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं.

ठाऊक होतं ते काकीला. कारण आमच्या परड्यात उगवतीकडं तोंड केलं की समोर सूर्य नंतर, तात्याची भिंत आधी. त्या भिंतीला वर एक बारकी खिडकी होती. काकी तिथं उभी राहून रोज बघत होती. आणि ती बाई नुसती बघून गप्प बसणारी नव्हती.

रोजचं दळण आमच्यात जात्यावर व्हायचं, सणाचं तेवढं गिरणीत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई गहू घेऊन गिरणीत गेली. गावातल्या निम्म्या बायका रांगेला, गिरणीची पुकपुक चाललेली, आणि त्या आवाजाच्या वर आवाज काढून काकी म्हणाली, "धाकटे, सून मातर गुनाची आनलीस हां. तू कवा वाकली न्हाईस, पर ती रोज सकाळी आमच्या भितीला दंडवत घालती. थोरल्या घराचा मान कळतो गं पोरीला." बायका हसल्या. आई दळण तसंच गिरणीत टाकून घरी आली.

मी गोठ्यात होतो. आईचा आवाज ऐकून घरात आलो तर शालन भिंतीला लागून उभी होती. "आत्या, मी सूर्याला नमस्कार घालती. शाळंत शिकिवल्यात," ती सांगत होती. आई म्हणाली, "का, सूर्य तात्याच्या घरात भाड्यानं ऱ्हातो?" "तसं न्हवं. उगवती तिकडंच हाय. मधी त्यांची भित हाय, त्याला मी काय करू?" "त्यांची भित? ती भित कुनाच्या जाग्यात उभी हाय ठावं हाय तुला? माज्या नवऱ्याची राख थंड झाली न्हवती तवा बांदलीया ती." मग आई म्हणाली, "तुला घालायचंच हाय तर तोंड फिरवून घाल. मावळतीकडं." "मावळतीला न्हाई घालत, आत्या." "का? तितं काय दुसरा सूर्य आसतो?" मला हसू आलं, तर आईनं चुलीजवळचं फुंकणं माझ्या अंगावर फेकलं.

आता मला वाटतं, आई दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर तडजोड करणारी बाई होती. शालनचं उलटून बोलणं तिनं चालवून घेतलं, भाकरी जाड थापते तेही चालवून घेतलं. पण त्या दिशेला कुणी मान वाकवलेली तिला चालणार नव्हती. तिनं वर्षानुवर्षं डोक्यावर पाणी वाहून जे राखलं होतं, ते ह्या पोरीनं रोज सकाळी मातीत लोळवलं असं तिला वाटलं. ती चुकली असं आजही मला तोंड वर करून म्हणता येत नाही.

मग शालननं घरात नमस्कार घालायचं बघितलं. आमचं घर धाब्याचं, ठेंगणं. मधल्या घरात तिनं हात वर केले ते शिंक्यात अडकले, आणि दह्याचं गाडगं तिच्या डोक्यावरनं खाली. आई म्हणाली, "झालं. सूर्याला निवद बी दिला." त्या दिवसापासनं नमस्कार बंद. मी मध्ये पडलो नाही. माझं काय बोलायचं वय होतं? आई सांगेल ते जेवायचं, आई सांगेल तिथं निजायचं.

पहिल्यांदा मला कळलं ते जात्यावर. शालनची ओवी अशी असायची की एक खुंटा फिरून येईपर्यंत सबंध ओळ, मध्ये दम नाही. ती आता अर्ध्यात तुटायला लागली. जातं घरघरत राहायचं आणि ती तोंड उघडं ठेवून बसायची. घागर घेऊन चढ चढली की दारात घागर उतरवायच्या आधी भिंत धरायची. छातीतनं शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. मी विचारलं तर म्हणाली, "सर्दी हाय." आई म्हणाली, "नाटकं हायत. नमस्कार बंद केलं ना मी."

आणि एक दिवस पहाटे परत बांगड्या वाजल्या. त्या दिवशी नेमकी आई घरात होती. ती उठून परड्यात गेली, तिच्यामागं मी. शालन खाली वाकलेली, आणि वर खिडकीतनं काकीचा आवाज, लग्नातल्या थोरल्या बाईसारखा ऐटीत, "आखंड सौबाग्यवती व्हय गं माज्या बाय!" आई वळून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आनंदा, कापडं घाल. हिला औंधला निऊन सोड. हिचं नमस्कार हिच्या बापाला लखलाभ. तुला माज्या भावाची पोरगी करू, दिवाळीच्या आदी तिला आनू."

मी नेलं. नेणारच. तिनं पिशवीत दोन लुगडी भरली. आईनं फडक्यात भाकरी बांधली, आणि बांधली ती दोघांपुरती. ज्या पोरीला घराबाहेर काढायचं तिच्यासाठी आईनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला होता. विट्याला गाडी बदलली, पुसेसावळीच्या पुढं गाडीत आम्ही दोघं आणि दोन शेळ्या घेतलेला एक म्हातारा. म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हायारपनाला व्हय गं पोरी?" ती म्हणाली, "व्हय."

औंधला उतरल्यावर ती म्हणाली, "घरी जायाच्या आदी यमाईला जाऊन येऊ." डोंगराच्या पायऱ्या मी दोन-दोन टाकत चढलो. मागं बघितलं तर ती खालीच एका पायरीवर बसलेली, छाती भात्यासारखी चाललेली. मी खाली आलो. तिला जरा दम आला. मग बापाची आठवण काढून म्हणाली, "ल्हानपनी दादा मला खांद्यावर घिऊन यायचं हितं. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. वैद झालं, अंगारं झालं, डाग बी दिलं." तिनं पोलक्याची बाही सरकवून दंडावरचा डाग दाखवला. तो मी रोज बघत होतो आणि देवीचा आहे असं समजत होतो. "मग शाळंत नमस्कार सुरू झालं. बाईंनी सांगितलं, तू थोडं घाल पर सोडू नको. रोज घाल. फुडच्या जत्रंला मी माज्या पायानं वर गेली. सोडलं की परत येतंय हे. मला काय नमस्काराचं याड न्हाई. मला श्वास पायजे."

"मग आईला सांगायचं की हे!" मी ओरडलोच.

"काय सांगू? आजारी पोरगी तुमच्या गळ्यात मारली म्हनून? दादांनी लग्नाच्या वक्ताला सांगितलं न्हाई. आत्यांस्नी कळलं तर दादांच्या दारात यिऊन चार गावांत अब्रू काढतील. माज्या धाकटीला मग कोन करून घील? तुमी माजी शपत घ्या. सांगायचं न्हाई."

मी शपथ घेतली. घेतली आणि लगेच कळलं की आता माझ्या हातात काहीच उरलं नाही. खरं सांगता येत नाही, सूर्य हलवता येत नाही, तात्याचं घर उचलून दुसरीकडं ठेवता येत नाही, आणि ही जर आमच्या घरी राहायची तर रोज त्याच दिशेला वाकल्याशिवाय जगत नाही. तिच्या घरी तिच्या बापानं चहा दिला. लुगड्यांची पिशवी बघितली आणि त्यांना काय ते कळलं. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाले, "पावनं, न्यायला कवा येशीला?" मी चपलेचा अंगठा चाचपत बसलो. शालन आतनं बाहेर आली नाही.

योगाचे सर श्वासावर बोलतात तेव्हा मी उठून जातो ते ह्यासाठी. ते फळ्यावर फुप्फुसाचं चित्र काढतात. मी त्या पायरीवर तिची छाती बघितलीय. फायदा होतो का? होतो. ह्या बाईनं नंतर चार बाळंतपणं काढली, दुष्काळात खडी फोडली, डोक्यावर पाटी घेऊन माझ्या विहिरीतनं माती वर आणली, आणि तिची ओवी परत कधी तुटली नाही. पण एक दिवस सोडला नाही म्हणून. सुतक असो, घरात लग्न असो, अंगात ताप असो. आता वर्गातल्या बायका सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन येतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि पाऊस पडला की वर्गाला सुट्टी. त्यांना काय सांगू मी फायदे?

परत आलो तेव्हा दिवस मावळला होता. आईनं गरम माडगं केलं होतं. माझ्यापुढं परात ठेवून ती म्हणाली, "लय दिसांनी घर शांत वाटतंय." मग माझ्याकडं न बघता, "ती रडली का?" मी म्हणालो, "न्हाई." "भाकरी खाल्ली?" "खाल्ली." आई म्हणाली, "पोरगी वंगाळ न्हाई रं. पर त्या भितीफुडं माज्या घरातलं कुनी वाकायचं न्हाई." मी जेवलो. भिंतीपलीकडं रहाट कुरकुरला. आईचा हात भाकरीवर तसाच थांबला, रहाट थांबेपर्यंत. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि मला वाटायचं ती तात्यावर चिडती. त्या दिवशी मला कळलं, ती बापाच्या आडाचा आवाज ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई घागर घेऊन ओढ्याकडं गेली. मी उठलो. घरातली दुसरी घागर घेतली, म्हशीचा सोल, लांब दोर, खांद्यावर टाकला आणि गल्लीतनं वळसा घालून तात्याच्या दारात गेलो. तात्या ओट्यावर मिशरी लावत बसला होता. मला बघून त्याचं बोट तोंडातच राहिलं. "काय रं? कोन गेलं का काय?" त्या दारात आमच्या घरचं माणूस यायचं म्हणजे त्याला मयताशिवाय दुसरं कारण सुचेना. मी म्हणालो, "कुनी न्हाई. आडावर निगालोय."

तात्या उठून दारात आडवा झाला. "इचारायची रीत हाय का न्हाई? दार माजं हाय."

"दार तुमचं. आड माज्या बापानं बी खांदलाय. आडवताय तर आडवा."

माझे दंड तेव्हा पहारीचे होते. पण तात्या त्याला भ्याला नाही. तो गल्लीकडं बघत होता. समोरच्या घरातली माणसं आहे त्या परकर-धोतरावर बाहेर आली होती. आतनं काकी म्हणाली, "जाऊ द्या की त्याला. पानी मागायला आलाय, शेवटाला आलाच का न्हाई?" मी चालता चालता थांबलो आणि म्हणालो, "काकी, मागायला न्हाई. न्यायला. आन् आजपासनं हाक मारत येनार न्हाई. ज्यानं कसं बसायचं त्यानं तसं बसावं." त्यांच्या चुलीसमोरनं, त्यांच्या म्हशीच्या मागनं, मी आडावर गेलो. रहाटाला हात लावला नाही. आपला सोल टाकला, आपल्या हातानं घागर ओढली. पाणी वर आलं ते मी ओंजळीनं प्यालो. थंड होतं, जरा मचूळ होतं. मग परत घागर भरली आणि त्यांच्या सोप्यातनं, वाटेत सांडत, बाहेर पडलो.

गल्लीत आई समोर. डोक्यावर ओढ्याची घागर, वर चढून आल्यानं धापलेली. तिनं मला बघितलं, माझ्या खांद्यावरची घागर बघितली, मी कुठल्या दारातनं निघालो ते बघितलं. "आनंदा," ती म्हणाली, "त्यांचं पानी?"

"त्यांचं न्हाई. बापाचं." गल्लीत सगळे ऐकत होते आणि मला ते हवंच होतं. "आय, त्या भितीपल्याड तात्या न्हाई. तितं बापाचा आड हाय. ती पोरगी रोज तिकडं तोंड करून वाकती. सासऱ्याच्या आडाला वाकती. आन् तू तिला घराभाईर काढलीस. आता कुनाला काढतीस ते सांग, का मला बी निऊन सोड औंधला."

घागरीतनं पाणी आईच्या कपाळावर ओघळत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मागं ओट्यावर काकी काहीतरी बोलायला गेली, तर आईनं मान न वळवता म्हटलं, "तू गप गं थोरले." बास, एवढंच. मग ती माझ्या बाजूनं घराकडं चालायला लागली. मी तिच्या मागनं गेलो, आडाची घागर तिच्या चुलीपुढं ठेवली आणि आतल्या खुंटीवरचा सदरा काढला. आई त्या पाण्याकडं बघत उभी होती. ती ते प्याली का ओतून दिलं, हे बघायला मी थांबलो नाही. विट्याची पहिली गाडी चुकली असती तर औंधला पोचायला दुपार झाली असती.